सारखं म्हणजे कशासाठी सारखं? पार्ट फॅमिलीच्या संशोधनाची एक उलटतपासणी

चाकणच्या एकाच कारखान्यातून चार गाड्या बाहेर पडतात: स्कोडाची कुशाक, फोक्सवॅगनची टायगुन, स्कोडाची स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनची व्हर्टस. पहिली जून २०२१ मध्ये बाजारात आली, शेवटची जून २०२२ मध्ये. चौघींचा प्लॅटफॉर्म एकच आहे, एमक्यूबी-ए०-आयएन. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरही चौघींचं एकच, २६५१ मिलिमीटर. पुढे वाचण्याआधी एक काम करा. या चार गाड्यांचे दोन गट पाडा.

शोरूममधला माणूस स्कोडा एकीकडे आणि फोक्सवॅगन दुसरीकडे असे गट पाडेल. बॉडी शॉपमधला माणूस म्हणेल, कुशाक आणि टायगुन एका गटात, कारण दोन्ही एसयूव्ही. स्लाव्हिया आणि व्हर्टस दुसऱ्या गटात, कारण दोन्ही सेडान. इंजिन बसवणारा म्हणेल, मला गाडीचं नाव सांगू नका, एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे की दीड लिटरचं चार सिलिंडरचं, तेवढं सांगा. त्याचे गट तर गाड्यांच्या नावांना आडवे जातात. तिघांनी वेगवेगळं उत्तर दिलं आणि तिघंही बरोबर आहेत.

प्रॉडक्ट फॅमिली, पार्ट फॅमिली, सेल फॉर्मेशन अशा नावांनी जे संशोधन चालतं, त्याची सगळी मेख या छोट्या खेळात आहे. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता पीएच.डी.त सारखेपणाच्या गुणांकांवर काम करते, त्यामुळे या विषयातले निबंध रोज वाचावे लागतात. तुमच्यापैकी जे संशोधनाची तयारी करतायत, त्यांना हा विषय फार मोहात पाडतो. गणित स्वच्छ आहे, डेटा तयार मिळतो, कोड लिहिला की निकाल येतो. म्हणूनच आत शिरण्याआधी या साहित्यावर थोडी टीका वाचून ठेवा. माझा आक्षेप एका वाक्यात सांगते: या क्षेत्राने "किती सारखं" हे मोजण्याची शेकडो सूत्रं काढली, पण "कशासाठी सारखं" हा प्रश्न मागे सोडला. गंमत म्हणजे सुरुवातीच्या लोकांकडे हा प्रश्न होता.

सुरुवात कुठून झाली

लेनिनग्राडमधले एस. पी. मित्रोफानोव्ह यांचं ग्रुप टेक्नॉलॉजीवरचं पुस्तक १९५९ मध्ये रशियन भाषेत आलं. त्यांची कल्पना एकदम कारखान्यातली आहे. टरेट लेथ घ्या. त्यावर येणारे दहा-बारा वेगवेगळे जॉब बघा. आता एक काल्पनिक भाग मनात उभा करा, ज्याच्यात या सगळ्यांची वैशिष्ट्यं एकत्र आहेत: एकाची पायरी, दुसऱ्याचा आटा, तिसऱ्याची खाच. या काल्पनिक भागासाठी मशीन एकदा सेट केलं, की खऱ्या जॉबपैकी कोणताही आला तरी नवं सेटिंग जवळजवळ लागत नाही. काही टूल वापरायची, काही मोकळी ठेवायची. म्हणजे मित्रोफानोव्ह यांच्यासाठी "सारखे भाग" याचा अर्थ होता "एकाच सेटिंगवर निघणारे भाग".

दुसरं नाव ब्रिटनच्या जॉन बर्बिज यांचं. १९६० च्या दशकात त्यांनी प्रॉडक्शन फ्लो अॅनालिसिस ही पद्धत मांडली. ड्रॉइंग बाजूला ठेवायचं आणि रूट कार्ड हातात घ्यायचं, म्हणजे कोणता भाग कोणकोणत्या मशीनवर जातो याचा कागद. त्यांच्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत: कंपनीच्या पातळीवरचा प्रवाह, कारखान्यातला प्रवाह, मग गट पाडणं, मग गटाच्या आतला मशीनचा क्रम, आणि शेवटी टूलिंग. पाचवी पायरी पुन्हा सेटिंगकडेच येते, हे लक्षात ठेवा.

पुढे काय झालं? पाचांपैकी तिसरी पायरी, म्हणजे गट पाडणं, तेवढीच गणिती रूपात सुंदर मांडता येते. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला भाग, जिथे काम होतं तिथे १, नाहीतर ०. ओळी आणि स्तंभ हलवून १ चे चौकोनी ठोकळे कर्णावर आणायचे. जे. आर. किंग यांनी १९८० मध्ये रँक ऑर्डर क्लस्टरिंग दिलं, मग पद्धतींची रीघ लागली. चौथी आणि पाचवी पायरी, मशीनचा क्रम आणि टूलिंग, मुख्य रस्त्यावरून बाजूला पडल्या. मला वाटतं चूक इथे झाली, आणि ती कुणा एकाची नाही. जे मोजायला सोपं तेच महत्त्वाचं, असं कुणी म्हटलं नव्हतं, तरी वागणं तसं होत गेलं.

एका वनस्पतिशास्त्रज्ञाचं सूत्र

सर्वांत जास्त वापरला जाणारा गुणांक जॅकार्डचा. पॉल जॅकार्ड हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते आल्प्स आणि जुरा भागातल्या वनस्पतींची तुलना करत होते. दोन ठिकाणी मिळून जितक्या जाती आढळल्या, त्यांपैकी किती दोन्हीकडे आहेत, हे त्यांना हवं होतं. समाईक भागिले एकूण, बस. १९७२ मध्ये मॅकऑले यांनी हेच सूत्र मशीनच्या जोड्यांना लावलं: दोन्ही मशीनवर जाणारे भाग, भागिले दोहोंपैकी कुठल्याही मशीनवर जाणारे भाग. भागांच्या जोड्यांनाही ते तसंच लावतात.

सूत्रात दोष नाही. डोंगरावरच्या फुलांसाठी ते चोख आहे, कारण कोणतं फूल आधी आणि कोणतं नंतर हा प्रश्नच तिथे नसतो. कारखान्यात तोच पहिला प्रश्न असतो. चला, हिशेब करून बघू.

भोसरीतलं किंवा कुरुळीतलं एखादं लहान मशीन शॉप डोळ्यांसमोर आणा. त्यात तीन भाग येतात. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत.

भाग अ: ३२ मिलिमीटर व्यासाचा बुश. सीएनसी लेथ, ड्रिल, ग्राइंडर.
भाग ब: १४० मिलिमीटर व्यासाचा फ्लँज. सीएनसी लेथ, ड्रिल, ग्राइंडर.
भाग क: ३२ मिलिमीटर व्यासाचा, एका बाजूला खाच असलेला बुश. सीएनसी लेथ, व्हीएमसी, ग्राइंडर.

अ आणि ब: समाईक मशीन ३, एकूण मशीन ३, गुणांक १. म्हणजे जुळे भाऊ. अ आणि क: समाईक २, एकूण ४, गुणांक ०.५. म्हणजे लांबचे नातेवाईक.

आता सेटरला विचारा. अ वरून ब वर जायचं तर लेथचे जॉ बदलायचे, नवे सॉफ्ट जॉ बोअर करायचे, ड्रिलिंगचं फिक्स्चर बदलायचं, ग्राइंडरची पकड बदलायची आणि पहिला पीस पास होईपर्यंत थांबायचं. धरा २ तास १० मिनिटं. अ वरून क वर जायचं तर व्यास तोच, जॉ तेच, ग्राइंडरही तसाच. प्रोग्रॅम बदलायचा, एखादं टूल बदलायचं. व्हीएमसीवर क चं फिक्स्चर आधीच बसलेलं आहे. धरा २५ मिनिटं. महिन्यात असे आठ बदल झाले तर पहिल्या जोडीत १०४० मिनिटं जातात, दुसरीत २००. फरक १४ तासांचा, म्हणजे आठ तासांच्या पावणेदोन शिफ्ट. ज्या शॉपमध्ये दोनच लेथ आहेत, तिथे पावणेदोन शिफ्ट म्हणजे चेष्टा नाही. आणि आपलं सूत्र छातीठोकपणे सांगतं की अ आणि ब एकत्र ठेवा.

आणखी दोन गोष्टी या तक्त्यात दिसतच नाहीत. अ महिन्याला १२,००० निघतो आणि ब फक्त ३००, तरी दोघांच्या खात्यात सारखेच १. सगळे घोडे बारा टक्के! आणि एखादा भाग लेथ, ड्रिल, ग्राइंडर या क्रमाने जातो की लेथ, ग्राइंडर, ड्रिल या क्रमाने, तेही तक्त्याला कळत नाही.

जाताना एक, येताना दुसरं

एक दोष अधिक खोल आहे. जॅकार्डसारख्या गुणांकात अ चं ब शी साम्य आणि ब चं अ शी साम्य एकच असतं. सेटिंगमध्ये असं नसतं. रंगकामाच्या विभागात पांढऱ्यानंतर काळा रंग घेणं आणि काळ्यानंतर पांढरा घेणं यांत किती फरक पडतो, ते तिथल्या कुणालाही विचारा. एवढं लांब कशाला जायचं, घरातलंच बघा. तव्यावर आधी साध्या पोळ्या आणि मग पुरणपोळ्या केल्या तर काही अडत नाही. उलट केलं आणि मध्ये एखादं पुरण फुटलं, तर जळका गूळ पुसल्याशिवाय साधी पोळी टाकता येत नाही. तवा तोच, लाटणं तेच, हात तोच. अंतर मात्र दिशेवर ठरतं.

हे फक्त यंत्रांचं नाही. अमोस ट्वर्स्की यांनी १९७७ मध्ये दाखवलं की माणसं सारखेपणा ठरवतात तेव्हाही तो दोन्ही दिशांनी समान नसतो. त्याआधी १९७२ मध्ये तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी मुळावरच बोट ठेवलं होतं: कोणत्या बाबतीत, हे सांगितल्याशिवाय "सारखं" या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. विज्ञान शाखेतून येणाऱ्यांनी हे दोन निबंध जरूर वाचावेत. मशीनचा एकही उल्लेख न करता ते या विषयाला धरून आहेत.

ड्रॉइंगवरून ठरलेली फॅमिली

दुसरी परंपरा ड्रॉइंगवरून चालते. जर्मनीत आखेनच्या हेर्वार्ट ओपिट्झ यांची कोड पद्धत तुम्ही पाठ्यपुस्तकात बघितली असेल: पाच अंक आकाराचे, चार अंक माप, माल, कच्चं रूप आणि अचूकतेचे. कोड जुळला की भाग एका फॅमिलीत. डिझाइन विभागाला याचा खरोखर उपयोग होतो, जुनं ड्रॉइंग सापडतं आणि नवं काढावं लागत नाही. पण डिझाइनची फॅमिली जशीच्या तशी प्रोसेसकडे उतरवता येते का?

२०१२ साली आलेल्या दोन मोटारसायकली घ्या, केटीएमची ड्यूक २०० आणि बजाजची पल्सर २००एनएस. दोन्ही इंजिनांचा बोअर ७२ मिलिमीटर, स्ट्रोक ४९ मिलिमीटर, क्षमता १९९.५ सीसी. नातं उघड आहे. पण ड्यूकच्या सिलिंडर हेडवर दोन कॅमशाफ्ट आणि एक स्पार्क प्लग. एनएसच्या हेडवर एक कॅमशाफ्ट आणि तीन स्पार्क प्लग. म्हणजे हेडवरची भोकं, त्यांचे कोन, कॅमशाफ्ट बसण्याच्या जागा, सगळं वेगळं. एकाच इंजिनाच्या आत एक भाग दुसऱ्या इंजिनाच्या भागाला जवळचा आहे आणि दुसरा लांबचा. "ही दोन इंजिनं एका फॅमिलीतली का?" या प्रश्नाला उत्तर नाही. "हेडला भोकं पाडण्यासाठी एका फॅमिलीतली का?" याला आहे.

आता हाच प्रश्न एक पायरी खाली न्या. मोठी कंपनी पुरवठादाराला भाग देते ते मॉडेलनुसार आणि आपल्या पार्ट नंबरनुसार. निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडीतल्या लहान शॉपकडे मात्र चार वेगळ्या ग्राहकांचे भाग येतात. एकाचा बुश आणि दुसऱ्याचा बुश एकाच जॉवर निघू शकतो, पण दोघांची ड्रॉइंग वेगळी, नंबर वेगळे, फायली वेगळ्या. ही ग्राहकांना आडवी जाणारी फॅमिली कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नसते. ती सेटरच्या डोक्यात असते. तो दोन हजार रुपये जास्त मिळाले म्हणून शेजारच्या गाळ्यात गेला, की फॅमिली त्याच्याबरोबर जाते. आपल्या संशोधनाचा खरा गिऱ्हाईक हा शॉपवाला आहे, आणि आपल्या निबंधांत तो सापडत नाही.

स्पर्धा कशाची चालली आहे

मग निबंधांत काय असतं? गट चांगले पडले की नाही हे मोजायला भारतीय संशोधक कुमार आणि चंद्रशेखरन यांनी १९९० मध्ये ग्रुपिंग एफिकसी हे माप दिलं. हिशेब सोपा आहे. तक्त्यात एकूण २० एकं आहेत, त्यांतली ३ ठोकळ्यांच्या बाहेर पडली आणि ठोकळ्यांच्या आत ४ शून्यं राहिली, तर १७ भागिले २४, म्हणजे सुमारे ०.७१. मापात गैर काही नाही. पुढे गोन्साल्वेस आणि रेझेंडे यांनी २००४ मध्ये ३५ तक्त्यांच्या संचावर आपली पद्धत तपासली. सर्वांत लहान तक्ता ५ मशीन आणि ७ भागांचा, सर्वांत मोठा ४० मशीन आणि १०० भागांचा. तोच संच नंतरच्या अनेकांनी घेतला. नवी पद्धत काढायची, त्याच ३५ तक्त्यांवर चालवायची आणि काही तक्त्यांवर एफिकसी थोडी वाढली की निबंध तयार.

यात कष्ट खरे आहेत, गणितही खरं आहे. पण वरच्या उदाहरणात अ आणि ब ला एकत्र टाकणारी पद्धत इथे जास्त गुण मिळवेल आणि शॉप बंद पाडेल. परीक्षेच्या पेपरमध्ये सेटिंगचा प्रश्नच नसेल, तर सेटिंगचा अभ्यास कोण करणार? कारखान्याचं तोंडही न बघता कारखान्याची मांडणी सुचवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच.

दुसरी बाजूही ऐका

टीका करताना न्याय सोडायचा नसतो. हे दोष कुणाला दिसलेच नाहीत असं अजिबात नाही. गुप्ता आणि सैफुद्दिनी यांनी १९९० मध्येच उत्पादनाची संख्या, क्रम आणि वेळ धरणारा गुणांक मांडला होता. यिन आणि यासुदा यांनी २००६ मध्ये अशा गुणांकांचं वर्गीकरण करून मोठा आढावा घेतला. तुमचा पहिला महिना तोच वाचण्यात घालवा. शिवाय ० आणि १ चा तक्ता स्वस्त आहे. रूट कार्ड हाताशी असतील तर एका दिवसात तयार होतो आणि पहिली ढोबळ चाळणी म्हणून तो चांगला चालतो. माझं म्हणणं एवढंच की चाळणीलाच पीठ समजू नये. सुधारलेले गुणांक आले, पण ते तपासण्यासाठी लागणारा डेटा सर्वांना मिळेल असा पुढे आला नाही, म्हणून मैदान जुनंच राहिलं.

सारखेपणा घडवताही येतो

आणखी एक गृहीतक तपासायला हवं. आपण समजतो की सारखेपणा भागांत आधीपासून असतो आणि आपण तो फक्त शोधायचा. शिगेओ शिंगो यांचं काम बघा. १९६९ च्या सुमारास टोयोटातल्या १००० टनी प्रेसचं सेटिंग बदलायला चार तास लागत. ते आधी दीड तासावर आलं आणि पुढे तीन मिनिटांवर. साचे तेच, पत्रा तोच. पण चार तास लागत होते तेव्हा जे दोन भाग एकमेकांपासून लांब होते, ते तीन मिनिटांत शेजारी आले. म्हणजे फिक्स्चर बदललं की फॅमिली बदलते. प्रोसेस डिझाइन हे फॅमिली ठरल्यावर करायचं काम नाही. फॅमिली ठरवण्यातच त्याचा हात असतो. फॅमिली आधी आणि फिक्स्चर नंतर, असा क्रम धरणारं प्रारूप दिसलं की तिथे थांबून प्रश्न विचारा.

आपल्या पट्ट्यात हे आत्ता महत्त्वाचं का आहे? २०२२ मध्ये आकुर्डीत बजाजने इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना सुरू केला. त्या स्कूटरमध्ये पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही. इंजिनाच्या भागांभोवती ज्यांनी मशीन लावली, त्यांच्या फॅमिली पुढे विस्कटणार. तेव्हा त्यांना विचारावं लागेल, माझ्याकडचे जॉ, फिक्स्चर आणि हात आणखी कोणत्या भागांना जवळचे आहेत? जुन्या तक्त्यावरची ०.७१ याचं उत्तर देत नाही.

मग तुम्ही काय करायचं

या विषयावरचा कुठलाही निबंध हातात घेतला की चार प्रश्न विचारा. गट पाडून कोणता निर्णय घ्यायचा आहे: मशीनची मांडणी, कामाचा क्रम, फिक्स्चरची खरेदी की डिझाइनची छाटणी? सारखेपणाचं सूत्र त्या निर्णयाच्या खर्चाशी जोडलेलं आहे का? दोन्ही दिशांचा विचार केला आहे का? आणि निकाल कशावर तपासला, त्याच जुन्या तक्त्यांवर की प्रत्यक्ष वेळेवर?

स्वतःचा विषय शोधत असाल तर एक वाट सुचवते. एखाद्या शॉपमध्ये परवानगी घेऊन लेथजवळ एक वही ठेवा. कोणत्या भागावरून कोणत्या भागावर गेलो, किती वाजता थांबलो, पहिला चांगला पीस किती वाजता निघाला, आणि काय काय बदललं. चारच रकाने. ग्राहकांची नावं आणि ड्रॉइंग वहीत येऊ देऊ नका, त्यावर शॉपवाल्याची रोजीरोटी असते. तीन महिन्यांत तुमच्याकडे असा डेटा जमेल जो त्या ३५ तक्त्यांत नाही.

आणि इथे विज्ञानवाल्यांसाठी खरं गणित सुरू होतं. ४० भाग असतील आणि दिशा वेगळी धरली, तर ४० गुणिले ३९, म्हणजे १५६० जोड्या होतात. तीन महिन्यांत त्यांतल्या थोड्याच प्रत्यक्ष घडलेल्या दिसतील. उरलेल्या जोड्यांचा वेळ व्यास, माल, जॉ, फिक्स्चर यांवरून अंदाजायचा कसा? अंदाज किती चुकू शकतो? ज्या जोड्या सेटर मुद्दाम टाळतो त्या डेटात कधीच येत नाहीत, म्हणजे नमुना यादृच्छिक नाही, मग काय करायचं? असममित अंतरावरून गट पाडायचे तर कोणती पद्धत टिकते? यातला एकेक प्रश्न पीएच.डी.चा एकेक अध्याय आहे.

वही ठेवायला गेलात तर पहिले आठ दिवस काही लिहू नका. सेटरच्या शेजारी उभे राहा आणि त्याला एवढंच विचारा, "या जॉबनंतर कोणता लावला तर बरं?" तो जी उत्तरं देईल ती लिहून काढा. तुमच्या गुणांकाला पहिली टक्कर त्या यादीशी द्यायची आहे.